विचारलं होतं तेवढंच

रात्रपाळी संपवून सुप्रभा सकाळी आमच्या लीड्सच्या घरी यायची, ती बूट न काढताच जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसायची. भाड्यानं राहायची वरच्या खोलीत, पण चढण्याआधी तिला दहा मिनिटं उसंत लागे. मी चहा आणून द्यायचे.

नागपूरला ती अकरा वर्षं वॉर्डची सिस्टर होती. इथे सगळ्यात खालच्या हुद्द्यावर. वर जायचं तर डिग्री हवी, म्हणून नोकरी सांभाळून कोर्स. दोन हजार चारच्या मार्चमध्ये तिचा निबंध नापास होऊन परत आला. आता एकच संधी. ती हुकली की कोर्समधून नाव कमी.

"मावशी, चौदा पानं लिहिली हो. आणखी काय लिहू?"

मी चाळीस वर्षं नाटकांत काढलेली. मला निबंधातलं काय कळणार? तरी चष्मा लावला. पेशंट पडू नयेत म्हणून तुमच्या वॉर्डात जी पॉलिसी आहे, ती 'क्रिटिकली इव्हॅल्युएट' करा, असा प्रश्न. हिने पडण्याची व्याख्या लिहिलेली, प्रकार, कारणं, महत्त्व, आणि पॉलिसीची कलमं तर मुखोद्गत. समासात पेन्सिलीनं शेरा होता: पॉलिसी कळली. तुमचं मत कुठे आहे?

मला आमचे दिग्दर्शक आठवले. सोलापूरच्या तालमीत एकदा मी धाय मोकलून रडले होते. सगळं झाल्यावर ते शांतपणे म्हणाले, "बाई, रडलात सुंदर. पण या प्रवेशात तुम्ही फक्त दार लावायचंय."

मी विचारलं, "सुप्रभा, ही पॉलिसी कामाची आहे का गं?"

"कसली कामाची! सात पानी फॉर्म. मी तो भरत बसते आणि तेवढ्यात आजोबा उठून टॉयलेटकडे निघालेले असतात. त्यापेक्षा बेड खाली उतरवून ठेवला ना, तर निम्मे लोक वाचतात. मी स्वतः पाहिलंय."

"मग हेच लिही."

ती दचकली. "परीक्षेत? हॉस्पिटलच्या नियमांत चुका काढू? आमच्या मेट्रननं कान उपटले असते!"

"ती मेट्रन नागपुरात राहिली. हे लोक काय विचारतायत?"

तिने प्रश्नावर बोट ठेवून तो सावकाश वाचला. मग पुन्हा एकदा वाचला.

"मला काय पाठ आहे, हे नाही विचारलेलं," ती म्हणाली. "मला काय वाटतं, आणि कशावरून, हे विचारलंय." थोड्या वेळानं म्हणाली, "अकरा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं हो."

नवा निबंध आठ पानांचा झाला. फॉर्मची बाजूही तिने मांडली होती, मनाविरुद्ध.

मेअखेरीस एका सकाळी ती आली आणि पायरीवर बसली. "मावशी, पास. चोपन्न." मग डोळे मिटूनच म्हणाली, "पुढचा पण आलाय. दोन पद्धतींची तुलना करा म्हणतात."

उभं राहून टाळ्या वाजवाव्यात असं फार मनात आलं. पण मी चहा घेऊन येईपर्यंत ती कठड्याला डोकं टेकून झोपली होती. बाहेरचं दार उघडंच राहिलं होतं, गार वारं येत होतं. मी ते आवाज न करता लावलं.