जिवाचं तारण

निजामाच्या राज्यात आमच्या भागाला कॉलेज म्हणजे औरंगाबाद. तिथं शिकायचं तर पैसा हवा, आणि आमच्या घरात माय आणि मी, दोनच माणसं. शेत नाही, सोनं नाही. माय मला घेऊन परतूरला एका कापसाच्या व्यापाऱ्याकडे गेली. शेठजींनी शिक्षणापुरतं कर्ज द्यायचं कबूल केलं. नोकरी लागली की पगारातून फेडायचं. तारण काय, असं मायनं विचारलं, तर माझ्याकडे बोट करून ते हसले. "हा जगला तर पैसा बराबर येईल. मंग याच्याहून मोठं तारण कोणतं?"

मला ते हसणं आवडलं नाही. त्याच दिवशी त्यांनी मला कापसाच्या काट्यावर बसवलं. पुढे दर सुट्टीत तेच. वजन उतरलं असलं की घरी तूप येई, आणि सोबत ताकीद: विहिरीत पोहायचं न्हाई, जत्रेत जायचं न्हाई. बळीच्या बकऱ्याचेही असेच लाड करतात, असं मी एकदा चिडून मायला म्हटलं. ती म्हणाली, "गुमान खाय."

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर शेठजींचा माणूस कॉलेजात आला. "गावात उंदीर पडून राह्यले. पलेग हाय. तिकडं बिलकुल यायचं न्हाई, शेठनं सांगितलंय." मायचं काय, हे त्याला ठाऊक नव्हतं. माझं डोकं फिरलं. कर्ज घेतलं म्हणजे मी काय विकला गेलो? मिळेल त्या गाडीनं परतूर गाठलं आणि गावाकडे चालत सुटलो.

गाव ओस पडलं होतं. दारांना काट्या लावलेल्या. एक कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. माणसं रानात झोपड्या घालून राहत होती. आमची झोपडी सगळ्यांपासून लांब होती, ते मला खटकलं. मी बांधावर पोचलो तशी माय दारातूनच ओरडली, "थांब तिथंच! शेठला इचारून आलास का?"

"त्याचं काय घेऊन बसलीस? तू कशी हाईस?"

"तुझा जीव गहाण हाय. गहाणाची चीज घेऊन असं फिरतेत का? जाय माघारी!"

मी पाऊल पुढे टाकलं. तिनं ढेकूळ उचलून मारलं. दुसरं माझ्या गुडघ्यावर बसलं. जन्मात तिनं माझ्यावर हात उगारला नव्हता. पोटच्या पोरापेक्षा तुला सावकार मोठा झाला, असं ओरडून मी वळलो आणि मागे बघितलंसुद्धा नाही.

तिच्या काखेत गाठ आली होती, हे शेजारच्या काकूंनी मला सांगितलं, ते ती गेल्यावर. शेठजींना ती कधीच भ्यायली नव्हती.