कठड्यावरची तांबडी साडी

इतकी वर्षे झाली, पण कठड्यावर तांबडी साडी वाळताना दिसली की मला लालबागची ती झडती आठवते. नावे कुणाचीच लिहीत नाही. त्या माणसांना आता नातवंडे झाली असतील.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. आज सभा, उद्या हरताळ. निम्मे ठाणे बंदोबस्तावर आणि राहिलेल्यांचे कान रस्त्याकडे. जरा गलका झाला की ठाणे अंमलदार हातातला चहा खाली ठेवत. अशात साडीची चोरी कोण बघणार? पण संशय एका बाईवर होता आणि बाईची झडती बाईनेच घ्यायची असा नियम, म्हणून ठाण्यातली बाई शिपाई म्हणून मला हवालदारांबरोबर पाठवले.

चाळ रस्त्याला अगदी लागून. तिथल्या एका मावशींनी आपल्या लग्नातली तांबडी साडी पहिल्या मजल्याच्या कठड्यावर उन्हाला टाकली होती. थोड्या वेळाने येऊन बघतात तर साडी नाही. त्या वेळी गॅलरीत फक्त शेजारची सून दिसली होती. कोकणातून नुकतीच आलेली, वीस वर्षांचीही नसेल.

आम्ही पोचलो तेव्हा गॅलरीत पाय ठेवायला जागा नव्हती.

"दिसायला गरीब गाय हो," मागून कुणी म्हणाले.

"गाईला शिंगं असतात," दुसरी बोलली.

मुलीचा थोरला दीर दारात उभा होता. आम्हाला ऐकू जाईल असे म्हणाला, "चोरी निघाली तर हिका गावाक धाडतलंय." नवरा मान खाली घालून बसलेला.

मी ट्रंक उघडली. दोन लुगडी, आरसा, कुंकवाची डबी. साडी नव्हती. "दिली असेल कुणाकडे," मावशी म्हणाल्या.

मुलगी एवढेच बोलली, "मी तांदूळ निवडत होतंय. लॉरी गेली, कठडो हादारलो, म्हणान उठलंय."

हवालदार कंटाळले होते. "ठाण्यात बसवली की बोलेल."

मला चार माणसांत बोलायचा धीर नसे. तरी म्हटले, "कठडा कशाने हादरला ते आधी बघू या."

कठड्याच्या बाहेरच्या बाजूला ताजा ओरखडा होता आणि त्यात हिरवी साल अडकली होती. खाली पानवाल्याला विचारले. तो म्हणाला, "बांबूंची लॉरी, दुसरं काय! सभा एवढ्या, मंडपवाल्यांना बांबू पुरत नाहीत. दोन खेपांचा माल एका खेपेत भरतात. परवा माझी पाटी घेऊन गेले." वखार कुठली तेही त्यानेच सांगितले.

वखारीत तीच लॉरी पुढच्या खेपेसाठी भरून उभी होती. माल किती उंच रचायचा याची हद्द ठरलेली असते. इथे बांबूंची टोके टपाच्या कितीतरी वर गेली होती. माल मागे बाहेर आला तर टोकाला लाल फडके बांधायचे, हाही नियम. तो मात्र ड्रायव्हरने पाळला होता. मी फडके हातात घेतले. त्याला जरीचा काठ होता.

ठाण्यात फौजदार साहेबांनी ड्रायव्हरला समोर उभे केले.

"फडकं कुठलं?"

"बाजारातनं आणलं, साहेब."

"जरीच्या काठाचं?"

"तेवढीच शोभा."

हवालदारांना हसू आले. साहेब हसले नाहीत. "मग भरलेली लॉरी तशीच त्या चाळीपुढून ने. मी शेजारी बसतो."

ड्रायव्हर बसलाच खाली. "नको साहेब. साडी बांबूला अडकून आली. परत द्यायला गेलो असतो तर माल पहिल्या मजल्याला लागतो हे कबूल करावं लागलं असतं. लायसन गेलं असतं."

"आणि तिकडे एक पोर चोर ठरली."

"ते मला काय ठाऊक?"

खरेच त्याला ठाऊक नव्हते. लोक समजतात तसा प्रत्येक गुन्हेगार कुणाच्या वाइटावर नसतो. तो फक्त स्वतःला सांभाळतो, आणि भलताच माणूस चिरडला जातो.

उरलेली साडी त्याच्या सीटखाली निघाली. पंचनामा झाल्यावर ओळख पटवायला मी ती चाळीत नेली. मावशींनी फाटक्या पदरावरून हात फिरवला, "माझीच," म्हणाल्या आणि आत वळल्या. ती मुलगी दारातून म्हणाली, "बाई, सगळ्यांसमोर सांगा."

सगळे कुठे होते? गॅलरी रिकामी. झडतीला खांद्याला खांदा लावून उभी राहिलेली माणसे आता दारे लोटून स्वयंपाकाला लागली होती.

मग मी एकेक दार वाजवले. "साडी लॉरीने नेली. हिने नाही." पहिल्या दारी इतके हळू बोलले की दोनदा सांगावे लागले. तिसऱ्या दारापासून मावशी आपणहून माझ्याबरोबर आल्या, आणि पुढे माझ्याआधी त्याच सांगू लागल्या. शेवटी दिराच्या दाराशी आलो. त्याने ऐकून घेतले, दारातून बाजूला झाला आणि मुलीला म्हणाला, "बाईंका चाय टाक."

पुढे नोकरीत कुणावरचा संशय खोटा ठरला की मी कधी निरोप धाडला नाही. जिथे झडती घेतली, तिथे स्वतः गेले आणि शेजारची दारेही वाजवली.