जर्मनीतला जुना पाळणा

मंडळी, दुपारची गोष्ट लिहायला संध्याकाळ झाली, माफ करा. जीव थाऱ्यावर नव्हता.

माझा मुलगा सुनील जर्मनीत असतो. सूनबाईला आठवा महिना आहे. आज त्यानं व्हिडिओ कॉलवर जुना पाळणा दाखवला. "बाबा, इथं सगळे जुनंच घेऊन राह्यले. बघा, एकदम मजबूत हाय."

आमच्या तीर्थपुरीतही पाळणा जुनाच आणतात. पण ज्या घरची लेकरं त्यात धडधाकट वाढली, त्याच घरचा. म्हणून मी विचारलं, "कुणाचा हाय? त्यांचं लेकरू जित्तं हाय ना?"

"मोबाइलवर बघून घेतला, बाबा. विकणाऱ्याला असं विचारलं तर पोलिस बोलावील तो!"

"मंग बिलकुल वापरू नको. टाकून दे."

सूनबाई मागंच बसली होती, ते मला दिसलं नाही. ती रडत उठून गेली. सुनील म्हणाला, "इथं आमचं कोण हाय? तुम्ही तरी बरं बोलायचं." त्यानं फोन ठेवला. तेव्हापासून उचलत नाही.

खरंच आहे. माहितीतल्या घरचा पाळणा त्यांना तिथं कोण आणून देणार? आणि मी इथं बसून शंका काढल्या. तुम्ही गप्प बसला असता का?

सुनील, हे वाचलंस तर सूनबाई कशी आहे, एवढं जल्दी कळव.