तळाचे चिरे

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बाबांना तर नाहीच. तुम्हाला सांगतो — कारण आता स्वतःचीच किळस येते.

आमची जुनी पिकअप बाबांनी वीस वर्षं चालवली. खाणीतून जांभ्या दगडाचे चिरे भरायचे, बांधकामांवर पोचवायचे. त्याच फेऱ्यांवर मी बी.एस्सी. झालो, घरातला पहिला. वाटेत बंद पडली तर बाबा तारेच्या तुकड्याने ती चालू करायचे. मला मात्र नवी हवी होती — पॉवर स्टीअरिंग, थंड केबिन. कामासाठी? तसं मी म्हणायचो. खरं तर त्या खडखडाटात बसलेलं मला कुणी बघू नये, एवढंच.

शेवटी बाबाच म्हणाले, "दोन्ही गाड्यांत सारखे चिरे भर. खाणीचा चढ चढेल ती ठेवूया. भरायचं तूच बघ, शिकलेला हायस."

नवी गाडी चाचणीला आली. दिवाळीनंतर खाण नुकतीच सुरू झालेली; तळाचे चिरे पाणी पिऊन बसलेले. ओला जांभा किती जड होतो, हे मला ठाऊक होतं. नव्या गाडीत मी उन्हात वाळलेले चिरे भरले. जुनीत तळाचे ओले — आणि दिसू नयेत म्हणून वर एक थर सुक्यांचा. मोजायला दोन्हीकडे सारखेच. बाबांनी एकही हातात घेऊन पाहिला नाही. का पाहतील?

नवी चढली. जुनी बाबा चालवत होते; ती वळणावर अडली, मग मागे सरकू लागली. मागे खाण. मी धावलो, चाकाखाली चिरा सारला. गाडी थांबली. बाबा उतरले आणि त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला.

"गाडीचा दोष नाय रे. माजाच पाय ढिला पडला."

त्यानंतर त्यांनी स्टीअरिंगला हात लावला नाही. माझ्या शेजारी बसतात. चढ आला की त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जातो, मग ते तो मागे घेतात.

नवी गाडी चांगली आहे. नीट समजावलं असतं तर बाबांनी ती तशीही घेतली असती — हेच सगळ्यात घाण.

आणि ते भेटेल त्याला सांगतात, "पोरानं चिरा लावला म्हणून वाचलो." लोक माझी पाठ थोपटतात. मी थोपटून घेतो.

तो चिरा जुनीच्याच मागच्या कडेने खाली घसरला होता. तळाचा. उचलताना त्याचं पाणी माझ्या मनगटांवरून कोपरापर्यंत ओघळलं होतं.