दिवसा वाचलेली गोष्ट

२०१६ साल. मी तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा होतो. त्या एका वर्षात मी पगाराची नोकरीही धरली आणि पुस्तकही हातात घेतलं. दोन्हींत माझा जीव रमला नाही. तेव्हा हे कोणाला बोललो नाही. बोललो असतो तर बायको म्हणाली असती, "मी सांगत होतेच." ते ऐकण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

आमचा पाडा वेवजीचा. आमची कोंबडी सकाळी महाराष्ट्रात चरते नि दुपारी गुजरातेत, असं आम्ही पाहुण्यांना सांगतो, इतकी हद्द जवळ. शेती मुलांच्या हातात गेली होती. भात लावायचं त्यांनी, नाचणी लावायची त्यांनी, आणि मी बांधावर उभं राहून बोलायचं. माझं बोलणं त्यांना नको झालं होतं. तेवढ्यात फाट्यावर नवी कंपनी आली. तिथला ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "बाबा, बागेचं काम आहे. झाडं तुम्हाला कळतात. या." मी गेलो.

बाग म्हणजे ऑफिसच्या पायरीवर ओळीनं ठेवलेल्या कुंड्या. त्यांना पाणी घालायलाही दुसरा माणूस होता. मला निळी वर्दी दिली, टोपी दिली, शिट्टी दिली आणि गेटवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. ट्रक आला की दांडा वर, गेला की खाली. मी साहेबाला विचारलं, "बागेचं काय झालं?"

"काका, गेटपण बागेतच आहे ना!" तो म्हणाला. आतले सगळे हसले.

त्याच दिवशी वर्दी उतरवून यायला पाहिजे होतं. पण कंपनीनं मला बोलावून नेलं, असं मी पाड्यात सांगून बसलो होतो. बोलावून नेलेला माणूस चार दिवसांत परत कसा यायचा?

गेट होतं तिथं आधी चिंच होती. माझ्या बापाच्या आधीपासूनची. तळासरीहून उंबरगावकडे जाणारे जीपवाले ओरडायचे, "चिंचेवर कोण हाय?" आणि वेवजीची माणसं तिथं उतरायची. ट्रकला वळायला अडचण होते म्हणून कंपनीनं ती तोडली, नि जीपवाले आता "कंपनी, कंपनी" ओरडू लागले. मी कामाला लागलो तेव्हा जमिनीलगत बुंधा राहिला होता. त्यावर डबा ठेवून मी जेवायचो.

पुस्तकाचं असं झालं. शाळेत दर रविवारी सकाळी मोठ्या माणसांचा वर्ग सुरू झाला. शिकवायला घाटावरची तरणी बाई होती. पाड्यात फिरत आली तेव्हा मला म्हणाली, "बाबा, तुम्ही नुसते येऊन बसलात तरी चालेल." मी दुसरी पास. नुसता बसायला मी काय पाट आहे? गेलो. पहिले काही रविवार बोट ठेवून वाचलं, मग बोट काढून वाचलं. माझ्या मागच्या बाकावर पाड्यातल्या म्हाताऱ्या बसायच्या. त्या म्हणायच्या, "याला आता कलेक्टर करा."

दसरा झाल्यावर बाईंनी कपाटातून बारकी पुस्तकं काढली नि एकेकाला दिली. घरी वाचायचं आणि रविवारी उभं राहून गोष्ट सगळ्यांना सांगायची. "ज्यांना जमेल त्यांनीच हं," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडं बघितलं. मी सगळ्यांच्या देखत बोललो, "येत्या रविवारी पहिला मी सांगणार."

माझ्या वाट्याला आलेली गोष्ट एका नावाड्याची होती. नदीवर पूल होतो नि त्याची होडी रिकामी राहते. पहिल्या पानापासून मला ती आवडली नाही. रिकामं बसलेल्या माणसाची गोष्ट रिकामं बसलेल्या माणसाला कशाला वाचायला द्यावी? पण शब्द दिला होता. आणि खरं सांगायचं तर, तो पुढं काय करतो ते मला बघायचं होतं. होडी विकतो की जाळतो, की माझ्यासारखा दुसऱ्याच्या पुलावर बसतो.

संध्याकाळी घरच्या बल्बखाली मला अक्षर लागत नव्हतं, डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. म्हणून त्याच रविवारी भरदुपारी अंगणात मोठ्यानं वाचायला बसलो. बायको भात पाखडत होती. तिचं सूप थांबलं.

"दिवसा गोष्ट?"

"मग?"

"मग काय? दिवसा गोष्ट केली तर मामा वाट चुकतो. लहान पोराला कळतं ते तुला कळत नाही?"

"माझे सगळे मामा कधीच मेले. आता वाट चुकायला राहिलाय कोण?"

"माझा भाऊ राहिलाय," ती म्हणाली. "माझ्या पोरांचा मामा."

मी हसलो. तिनं सूप उचललं नि आत गेली. मी पुस्तक अंगणातून उचललं आणि दुसऱ्या दिवशी गेटवर नेलं. तिथं ऊन चांगलं पडायचं. मनात वाचायचो, मोठ्यानं नाही. मनातल्या मनात वाचलं तर चालत असेल, असं मी धरून चाललो.

त्याच आठवड्यात शुक्रवारी आमच्याकडं नव्या भाताचं जेवण होतं. नवं भात देवाला दाखवल्याशिवाय आणि भावाला वाढल्याशिवाय माझी बायको तोंडात घालत नाही. मेहुणा कैनाडहून दरवर्षी यायचा. तळासरीला जीप धरायची, चिंचेवर उतरायचं, पायी पाड्यात यायचं. वय माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त. डोळे कमजोर, पण वाट पाठ.

मी ड्यूटीवरून घरी आलो तर चुलीवर भात झाकलेला, पानं मांडलेली, आणि बायको दारात. भाऊ आला नव्हता. मुलानं कैनाडला फोन लावला. तिकडून सांगितलं, सकाळीच निघाले. मुलं मोटारसायकल घेऊन तळासरीपर्यंत जाऊन आली. त्या दिवशी घरात कोणी जेवलं नाही. बायको दारातच बसून राहिली. शिव्या दिल्या असत्या तर मी उलट बोललो असतो.

शनिवारी दुपारी संजाणहून एका चहावाल्याचा फोन आला, गुजरातीत. एक डोसा, म्हणजे म्हातारबाबा, इथं बसलेत, खिशातल्या चिठ्ठीवर नंबर आहे. मुलं गेली आणि त्याला मधे बसवून घेऊन आली. रात्र त्यानं स्टेशनच्या बाकड्यावर काढली होती. पाय सुजले होते. आणलेली पिशवी कुठं राहिली ते त्याला सांगता येईना. बायकोनं त्याचे पाय गरम पाण्यात ठेवले, कालचा भात परत गरम केला नि वाढला. मग कुठं विचारलं, "अरे दादा, उतरला का नाहीस?"

"चिंच आली नाही ना," तो म्हणाला. "मी चिंचेची वाट बघत बसलो. ती येईचना, जीप चाललीच. शेवटी डायवर बोलला, उतरा काका, उंबरगाव आलं. तिथून चालतच सुटलो."

"कोणाला विचारायचं तरी."

"विचारणार होतो ग. एका गेटपाशी जीप थांबली पण होती, एक बाई उतरली तिथं. निळ्या कपड्यात एक माणूस खुर्चीत बसलेला. म्हटलं, याला विचारावं, वेवजी हीच का. पण तो पुस्तक वाचत होता. मान वर करीना. म्हटलं, हा कोणी मोठा शिकलेला माणूस दिसतो. शिकलेल्याला कशाला त्रास? म्हणून गप बसलो."

मुलं माझ्याकडं बघायला लागली. बायकोनं बघितलं नाही. ती वाटीत आमटी घालत होती, ती तशीच घालत राहिली.

मेहुणा मला म्हणाला, "भावजी, तुझी कंपनी त्याच बाजूला ना? तू ओळखत असशील त्याला."

"बरीच माणसं आहेत तिथं," मी म्हटलं.

जन्मात मला कोणी शिकलेला म्हटलं ते एवढं एकदाच. तेही माझ्या तोंडावर, मला न ओळखता.

मी आजही म्हणतो, पुस्तक वाचल्यानं कोणाचा मामा चुकत नाही. चिंच तोडली म्हणून तो चुकला. बायकोला मी असं सांगितलंसुद्धा असतं. पण ती जेवण आवरून भावाशेजारी जाऊन बसली आणि त्याच्या पायाला तेल चोळत राहिली. माझ्याकडं तिची पाठ होती. पाठीशी मी काय वाद घालू? मेहुण्याचा एक डोळा मिटलेला, एक अर्धा उघडा, आणि तो मधेच विचारी, "चिंच आली का ग?" घरी बसून विचारी. पुस्तक माझ्या पिशवीत होतं. शेवटची पाच-सहा पानं राहिली होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. मला सुट्टी होती. सकाळी मी वर्दीकडं बघितलं नाही, धोतर नेसलो आणि शाळेत गेलो. बाईंनी पहिलं मलाच उठवलं. मी उभा राहिलो नि म्हटलं, "गोष्ट दिवसा सांगत नाहीत."

बाई हसल्या. "बाबा, वाचून झाली नाही असं सरळ सांगा की."

मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांपैकी एकही हसली नाही. माझा मेहुणा कुठं सापडला ते पाड्यात सगळ्यांना कळलं होतं. मी पुस्तक बाईंच्या टेबलावर ठेवलं आणि घरी आलो. मेहुण्याचा हात धरला, हळूहळू त्याला फाट्यापर्यंत आणलं आणि कंपनीच्या गेटसमोर, बुंध्यावर बसवलं. "हीच चिंच," मी त्याला म्हटलं. त्यानं हातानं बुंधा चाचपून बघितला. मग तळासरीची जीप आली, मी हात केला, आणि त्याच्याबरोबर कैनाडपर्यंत गेलो.