चाळीसपैकी चाळीस

माझे धाकटे दीर मुख्याध्यापक होते. त्यांना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण ही बातमी अजून त्यांच्यापर्यंत पोचलेली नाही.

त्यांची नात पावणेतीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती, हाकेला वळत नव्हती. दिवसभर डब्यांची झाकणं फिरवत बसायची. भाऊजी म्हणाले, "एकाग्रता! आमच्या घराण्यातच आहे." त्यांच्या सुनेला घराण्याचं एवढं कौतुक नसावं. तिने बालविकास केंद्र गाठलं. तिथे तीन वर्षांच्या आतच प्रवेश मिळे, म्हणजे हातात जेमतेम तीन महिने.

केंद्राने घरी भरायला चाळीस प्रश्नांचा फॉर्म दिला. बोट दाखवून वस्तू मागते का? नावाने हाक मारली की बघते का? सून कामावर गेली आणि प्रश्नपत्रिका आयतीच भाऊजींच्या हाती लागली. चाळीसही प्रश्नांपुढे त्यांनी वळणदार अक्षरात 'होय' लिहिलं, दोन ठिकाणी 'उत्तम' असा शेराही मारला, आणि स्वतः जाऊन फॉर्म देऊन आले.

आठवड्याने पत्र आलं : वाढ वयानुसार आहे, प्रवेशाची गरज नाही. भाऊजींनी ते सुनेला उभं राहून वाचून दाखवलं.

"बाबा, ती मला एकदा तरी आई म्हणाली का हो?"

"म्हणेल की! म्हणून काय मी माझ्या नातीला नापास करू?"

"नापास झाली असती तरच प्रवेश होता, बाबा."

भाऊजींनी पत्र पुन्हा वाचलं. या वेळी बसून, मनातल्या मनात.

दुसऱ्या दिवशी ते नातीला घेऊन केंद्रात गेले, सोबतीला मी. तिथल्या बाईंना म्हणाले, "गुण चुकून जास्त पडलेत."

बाईंनी नवा फॉर्म पुढे केला. "इथेच बसा. तिच्याकडे बघून भरा."

भाऊजींनी नातीला हाक मारली. मग जरा मोठ्याने. मग वर्ग दणाणून सोडायच्या आवाजात. शेजारच्या खोलीतली चार मुलं वळली. ही वळली नाही. त्यांनी 'नाही' लिहिलं. पुढे बराच वेळ तेच लिहीत राहिले. एका प्रश्नाशी थांबले : घरची माणसं दिसली की हसते का?

"वहिनी, इथे तरी..."

"बघून लिहा, भाऊजी."

त्यांनी बघितलं. लिहिलं.

बाईंनी फॉर्म चाळला. "सोमवारपासून आणा. घरचा अभ्यासही आहे, पण तो आजोबांना. तिला काही विचारलं की मनात दहा आकडे मोजायचे आणि तोवर गप्प बसायचं."

"दहा?" भाऊजी हबकले.

नातीची मला आता तेवढी काळजी वाटत नाही.