भाषणाच्या मध्यात अडलेला मिक्सर

मिक्सरवरच्या आवाज कमी-जास्त करायच्या खुंट्यांना फेडर म्हणतात. ते कुणी हात न लावता सरकताना मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा दचकून मागे झालो होतो. आमच्या दुकानाच्या मालकांनी फक्त एक बटण दाबलं होतं. सगळे फेडर एकदम हलले आणि कालच्या कार्यक्रमात जिथे होते तिथे जाऊन उभे राहिले. मेमरी म्हणजे काय हे मी पालघरच्या कॉलेजात पुस्तकात वाचलं होतं. आठवण अशी डोळ्यांसमोर सरकते, हे पुस्तकात नव्हतं.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. बी.एस्सी. झाल्यावर बोईसरला साउंड सिस्टीम भाड्याने देणाऱ्या दुकानात लागलो. आमच्या गावी उमरोळीत शेजारी विचारायचे, "एवढा शिकून लाऊडस्पीकरच लावतोस काय?" मला वाईट वाटत नसे, कारण तो मिक्सर माझ्या हाताखाली होता. डिजिटल मिक्सर नुकते निघाले होते त्या काळातला तो. मुंबईतला एक स्टुडिओ बंद होत होता, तिथून दादांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, तो उचलून आणला होता.

पण त्याचा भरवसा नव्हता. आपल्याकडच्या दमट उकाड्यात तो तापायचा आणि अडायचा. पडद्यावरचे आकडे गोठायचे, फेडर खाली बसायचे, आवाज जायचा. बंद करून पुन्हा सुरू केला की जागा व्हायला चहा पिऊन होईल एवढा वेळ घ्यायचा. आम्ही त्याच्यासाठी वेगळा टेबलफॅन नेत असू. कार्यक्रमात नवरदेवाला वारा नसला तरी मिक्सरला असायचा.

एका उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी मी तो बनवणाऱ्या परदेशी कंपनीला ईमेल केला. ती कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली होती, आणि त्या दुसरीला तिसरीने. तिसऱ्या कंपनीतून मोठं सभ्य उत्तर आलं की हे मॉडेल त्यांच्याकडे नाही. मिक्सर बंद करा असं कुणी म्हणालं नव्हतं. घेणाऱ्यांनी घेताना तो मागे ठेवला होता, एवढंच.

त्याच उन्हाळ्यात बाबांची कंपनी विकली गेली. बाबा तारापूरच्या एका कापड गिरणीत लूमवर, म्हणजे मागावर, काम करत. गिरणी मोठ्या कंपनीने घेतली आणि गेटवर बोलणं सुरू झालं की त्यांना फक्त डाइंगचं, कापड रंगवायचं, युनिट हवंय, जुनी लूमशेड बंद करणार. बाबांच्या वयाला दुसरीकडे कुणी घेतलं नसतं आणि घर शेडच्या पगारावर चालत होतं. मला मिक्सरच्या कंपनीचं ते सभ्य उत्तर सारखं आठवायचं.

नवे साहेब कामगारांशी बोलणार होते. त्या सभेच्या साउंडची ऑर्डर दादांना मिळाली. गिरणीच्या आवारात मांडव घातला होता. साहेबांसाठी स्टेज, पुढे स्टाफच्या खुर्च्या, त्यामागे जमिनीवर आणि शेवटी उभे असे सगळे कामगार. मिक्सरचं टेबल अगदी मागे होतं. बाबा माझ्यापासून दोन हातांवर खांबाला टेकून उभे होते. माग थांबवले होते. लहानपणापासून त्या भिंतीमागची धडधड ऐकत आलो होतो, ती नव्हती.

साहेब हिंदीत बोलू लागले. आधी आभार, मग नव्या कंपनीची थोरवी. "अब शेड के बारे में," एवढं ऐकू आलं आणि फेडर माझ्या डोळ्यांदेखत एकसाथ खाली बसले.

मी बटणं दाबली. पडदा गोठलेलाच. मिक्सर बंद करून पुन्हा सुरू केला आणि वाट बघत राहिलो. घाम डोळ्यांत उतरत होता. साहेबांनी माइकवर टिचकी मारली, घड्याळ पाहिलं आणि माइक बाजूला करून नुसत्या आवाजातच पुढे बोलू लागले. पुढच्या खुर्च्यांना ऐकू जात असेल. आमच्यापर्यंत हायवेकडे जाणाऱ्या टँकरचाच आवाज येत होता.

आता आरडाओरडा होणार म्हणून मी मान वर केली. कुणी ओरडलं नाही. सगळा जमाव हलायचा थांबला होता आणि सगळ्यांचे डोळे साहेबांच्या तोंडावर होते. मग मध्ये बसलेल्यांपैकी एकाचा हात वर गेला, आडवा, इकडून तिकडे, इकडून तिकडे. मागात आडवा धागा नेणारा धोटा जातो तसा. त्याच्यामागे दुसऱ्याचा, मग उभ्या असलेल्यांचा. त्या शेडमधल्या मागांना आता धोटा नसतो, खूण मात्र जुन्या मागांच्या काळापासून तशीच राहिली होती. 'माग चालू' अशी ती खूण.

आमच्या घरी मिक्सर-ग्राइंडर सुरू असला की बाबा आईशी हातांनी बोलत. सगळ्यांच्या घरी असंच असतं असं मला वाटायचं. बिहारचे, जळगावचे, आमच्या गावचे, एवढी सगळी माणसं मागांच्या धडधडीत ऐकू येत नाही म्हणून एकमेकांशी असं बोलतात हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. बाबांचा हातही वर होता, आमच्याही मागे गेटवर उभ्या असलेल्यांना दिसावा म्हणून.

तेवढ्यात मिक्सर जागा झाला. फेडर सावकाश वर सरकून आपापल्या जागी उभे राहिले आणि स्पीकरमधून साहेबांचा आवाज आला, "धन्यवाद." कामगारांच्या टाळ्या आधीच सुरू झाल्या होत्या. समोरचा एक जण वळून मला म्हणाला, "तुझ्या मशीनला पन कोनी विकत घेतला काय रे?" सगळे हसले. दादा स्टेजकडून तावातावाने येत होते, त्यांनाही हसावं लागलं.

वायरी गुंडाळताना बाबा मदतीला आले. मी विचारलं, एवढ्या लांबून कळलं कसं? त्यांनी वायरीचा वेढा खांद्यावर चढवला.

"सगला नाय कलला. आमी एकच बघत होतो. तो 'शेड' बोलला, आन् पुढं 'बंद' बोलायचा असता तर ओठ मिटले असते." ते थांबले. "नाय मिटले."

मी आवाज न काढता 'बंद' म्हणून पाहिलं, मग 'चालू'. खरंच होतं. मी फेडरकडे बघत होतो तेव्हा माझे वडील एका माणसाचे ओठ मिटतात का, ते बघत उभे होते.

गेटवरची पाटी त्याच महिन्यात बदलली. शेडमधले माग अजून चालू आहेत. बाबा डबा घेऊन निघतात, फाटकापर्यंत गेले की आई दारातून हाताने काहीतरी विचारते आणि ते हातानेच उत्तर देतात. त्यातलं थोडंथोडं आता मलाही कळू लागलं आहे.